कागद आपल्याच हातात ठेवा: बॉर्डर ओलांडणाऱ्या सोलापूरकरांचे प्रश्न

मागच्या अंकात मी नेपाळला जाताना लागणाऱ्या सोनौली बॉर्डरवरचा एक अनुभव लिहिला होता. आमच्या यात्रेतल्या एका काकांनी स्वतःचं व्होटर कार्ड एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं, "मैं करवा देता हूँ" म्हणून तो घेऊन गेला, आणि मग आम्ही 48 माणसं दीड तास उन्हात बस उभी करून त्याला शोधत होतो. कार्ड शेवटी एका चहाच्या टपरीवर सापडलं, त्यासाठी पैसे मोजावे लागले ते वेगळेच. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, निवडून घेतलेत. मी आणि माझे मिस्टर मिळून 16 वर्षं सोलापुरातून नेपाळ आणि भूतानच्या बसेस नेल्या, आता मुलगा बघतो, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं उभं राहून बघितलेलं आहे.

ताई, आम्ही घरातले सहाजण पशुपतिनाथला जायलालोय बसने. मी आणि मिसेस, आई 66 वर्षांची, वडील 71, मुलगी 16 आणि मुलगा 9 वर्षांचा. सगळ्यांकडे आधार आहे. टूरवाले म्हणतात आधार चालतंय की, कोण विचारत नाही. खरंय का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

टूरवाले जे म्हणतात ते अर्धं खरं आहे आणि तेच जास्त धोक्याचं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, 1950 च्या कराराने दोन्हीकडच्या माणसांना मोकळं येता-जाता येतं, आणि गेटवर गर्दीच्या वेळी बस आत सोडून देतात, हेही मी बघितलंय. पण नियम काय आहे तो नीट वाचा. 15 ते 65 या वयातल्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं व्होटर कार्ड लागतं, आधार या वयाला चालत नाही. 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या खालच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं, आधार, पॅन, लायसन्स वगैरे. म्हणजे तुमचे आई-वडील आणि धाकटा मुलगा यांचं आधारवर भागतं. तुम्ही दोघांनी व्होटर कार्ड काढा, नसेल तर फॉर्म 6 ऑनलाइन भरता येतो, त्याला पैसे लागत नाहीत, पण हातात यायला दिवस लागतात म्हणून आजच भरा.

राहिली 16 वर्षांची मुलगी. ती सगळ्यात जास्त अडते आणि तिचाच कोणी विचार करत नाही, कारण 18 च्या आत व्होटर कार्ड निघत नाही आणि 15 च्या वर आधार चालत नाही. 15 ते 18 च्या मुलांसाठी शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्राचार्यांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं, तो नमुना काठमांडूच्या आपल्या दूतावासाच्या साइटवर मिळेल. कॉलेजमध्ये जाऊन सही-शिक्का घ्या आणि फोटोवर अर्धा शिक्का येईल असं सांगा. कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड असलं की बाकीच्यांना थोडी सवलत मिळते, फोटोचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद यावर भागतं, पण सवलतीच्या भरवशावर सहा माणसं घेऊन 1700-1800 किलोमीटर जाऊ नका.

मी एवढं का सांगतेय ते ऐका. बसने जाताना आधारवर गेलात आणि समजा काठमांडूत वडिलांना त्रास झाला, तुम्हाला त्यांना घेऊन विमानाने परत यायची वेळ आली, तर एअरपोर्टच्या काउंटरवर तुमचं आधार बघून थांबवतील, त्यांना पासपोर्ट किंवा व्होटर कार्डच पाहिजे. एका बाईंना मी तिथे रडताना बघितलंय, नवरा व्हीलचेअरवर आणि हिच्या पर्समध्ये फक्त आधार. त्यांना दूतावासातून तात्पुरता कागद मिळेपर्यंत दोन दिवस गेले. जाताना कोणी विचारलं नाही म्हणून परत येतानाही कोणी विचारणार नाही असं धरून चालू नका, एवढंच माझं म्हणणं.

नोटा किती आणि कुठल्या न्यायच्या? आणि फोन पे चालतं का तिकडे?
– एक वाचक, अशोक चौक

शंभरच्या न्या. 2018 च्या डिसेंबरमध्ये नेपाळ सरकारने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हापासून आमच्या यात्रेत प्रत्येकाला शंभरचं एक बंडल सांगतो, कागदी नियम मागेपुढे बदलला तरी रस्त्यावरचा दुकानदार शंभरची नोट डोळे झाकून घेतो आणि पाचशेची बघून मान हलवतो. भाव ठरलेला आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, 1993 पासून हाच. त्यामुळे बाजारात "आयसी" आणि "एनसी" असे दोन शब्द सारखे ऐकू येतात, आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. कुणी "आठसौ" म्हटलं की आधी विचारा, आयसी का एनसी. आठशे एनसी म्हणजे आपले पाचशे, आणि हे न विचारल्यामुळे आमच्या एका मावशींनी रुद्राक्षाची माळ दुकानात एक आणि हिशोबात दुसऱ्याच भावाने घेतली. 2024 च्या मार्चपासून फोनपे नावाच्या नेपाळी कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, आपलं फोन पे वेगळं आणि ते फोनपे वेगळं, नाव सारखं म्हणून गोंधळू नका. मोठ्या हॉटेलात आणि दुकानात होतं पेमेंट, मुक्तिनाथच्या रस्त्यावरच्या चहावाल्याकडे रोखच लागते.

आम्ही चार मित्र स्कॉर्पिओ घेऊन जाणार आहोत, गाडी माझ्या भावाच्या नावावर आहे. भन्सार म्हणजे नक्की काय आणि किती दिवसांचं करायचं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

भन्सार म्हणजे नेपाळी भाषेत कस्टम. आपली गाडी तिकडे न्यायची तर दिवसाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यायची, तिलाच सगळे भन्सार म्हणतात. सोनौलीचं गेट ओलांडलं की पलीकडे बेलहिया, तिथेच ऑफिस आहे. आरसी बुक, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळं मूळ न्या आणि झेरॉक्स चार-पाच न्या, झेरॉक्सची दुकानं तिथेही आहेत पण रांग असते. गाडी भावाच्या नावावर आहे म्हणून त्याच्याकडून परवानगीचं पत्र लिहून घ्या, नोटरी केलेलं असलं तर बरं, आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडा.

दिवस मोजताना जाण्याचा दिवस आणि येण्याचा दिवस दोन्ही धरतात, यात आम्ही स्वतः फसलोय. मिस्टरांनी 6 दिवसांची पावती घेतली, नारायणघाटच्या पुढे दरड कोसळून रस्ता बंद, आम्ही सातव्या दिवशी संध्याकाळी बॉर्डरवर पोचलो आणि मग दंड, वाद, आणि 2 तास. तेव्हापासून आम्ही एक दिवस जास्तीचाच घेतो, पावसाळ्यात दोन. वर्षात एका गाडीला 30 दिवसांपर्यंतच मिळतात हे लक्षात ठेवा. पावती समोरच्या काचेपाशी ठेवा, रस्त्यात पोलीस तीच मागतात, आणि परत येताना ती जमा करायला विसरू नका, नाहीतर कागदावर गाडी नेपाळातच राहते आणि पुढच्या वेळी त्रास.

आणि गेटवर कुणी धावत गाडीच्या काचेवर टकटक करून "भन्सार मैं करा दूँगा" म्हणेल. काच वर. चौघांपैकी एकाने खाली उतरून स्वतः काउंटरवर जायचं.

ताई, मी प्रश्न विचारत नाही, अनुभव सांगतोय आणि शेवटी एक विचारतो. मी ट्रक ड्रायव्हर आहे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सोलापूर मार्केट यार्डातनं कांदा भरून बांगलादेश बॉर्डरला गेलो होतो, घोजाडांगाला. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कळालं कांदा निर्यात बंद. पुढे गाड्या, मागे गाड्या, हालता येईना. ताडपत्री उचलली की वाफ यायची आणि वास, खालच्या गोण्यातनं पाणी गळायला लागलं. मालकाचा फोन, व्यापाऱ्याचा फोन, मी काय करणार. आता परत पेट्रापोलची ट्रिप आलीय, मुलगा क्लीनर म्हणून बरोबर येतोय पहिल्यांदा. पलीकडे जायला त्याचा पासपोर्ट काढावा का?
– एक ड्रायव्हर, हैदराबाद रोड

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. 14 सप्टेंबर 2020 ला सरकारने कांद्याची निर्यात एकदम बंद केली आणि पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर सगळीकडे गाड्या अडकल्या, ज्यांचे कस्टमचे कागद आधी झाले होते त्या थोड्या गाड्या नंतर सोडल्या, पण तोपर्यंत माल कुठला राहतोय. 8 डिसेंबर 2023 ला परत तेच झालं आणि ती बंदी 4 मे 2024 पर्यंत चालली. कांद्याचा भाव पेपरात येतो, पण त्या कांद्याबरोबर रात्रभर केबिनमध्ये बसलेल्या माणसाबद्दल कोण लिहितं, म्हणून तुमचं पत्र जवळजवळ पूर्ण छापलंय.

माझे दीर ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, त्यांना विचारून उत्तर देते. माल घेऊन पलीकडे बेनापोलला जाणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरला प्रवाशांसारखा व्हिसा लागत नाही, कस्टमकडून कार पास मिळतो, त्यावर गाडीचा नंबर आणि तुमची नावं असतात. त्या पासवर तुम्ही बंदराच्या आवारापर्यंतच, म्हणजे जिथे माल उतरवतात तिथपर्यंतच. गावात बाजार बघायला जायचं नाही, हे मुलाला दहा वेळा सांगा, तरुण पोरगं असतं, "दोन मिनिटात येतो" म्हणतं आणि पास नसलेल्या ठिकाणी सापडलं तर ती बेकायदा एंट्री होते. पास फाटू देऊ नका, भिजू देऊ नका, प्लास्टिकच्या पाकिटात शर्टाच्या आतल्या खिशात. मुलाचं लायसन्स नसलं तरी मूळ ओळखपत्र आणि पासपोर्ट साइजचे फोटो बरोबर असू द्या.

आणि ट्रिप ठरवण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, झालंय का. झालं नसेल तर गाडी लोड करू नका म्हणायची हिंमत करा. थांबलात तर पार्किंगचे दिवस, जेवणखाण, सगळं तुमच्या अंगावर येतं, हे आधी बोलून घ्या, जमलं तर लिहून. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या, ते तुम्हाला मी सांगायला नको, पण कडक भाकरी 15 दिवस टिकते आणि तिथल्या हॉटेलातलं रोज खाऊन पोट बिघडतं असं दीर म्हणाले.

भूतानला जायचं ठरतंय, मी, नवरा आणि 4 वर्षांचा मुलगा. माझ्या व्होटर कार्डवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. जयगावच्या बॉर्डरवर अडवतील का? आणि टॅक्स किती?
– एक वाचक, शेळगी

भूतानला आधार अजिबात चालत नाही, पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड, त्यामुळे आधारवर काय नाव आहे हा प्रश्नच येत नाही. पण परमिट ज्या नावाने भराल, हॉटेल ज्या नावाने बुक कराल आणि कार्डवर जे नाव आहे ते तिन्ही एकच पाहिजे. वेळ असेल तर फॉर्म 8 भरून कार्डवर नाव बदलून घ्या. वेळ नसेल तर सगळं बुकिंग माहेरच्या नावाने करा आणि लग्नाचं सर्टिफिकेट जवळ ठेवा, यात कमीपणा काही नाही. मी स्वतः 11 वर्षं माहेरच्याच नावाच्या कार्डवर फिरले. मुलासाठी पासपोर्ट नसेल तर जन्माचा मूळ दाखला लागतो, महापालिकेचा, इंग्रजीतही नाव छापलेला घ्या.

टॅक्स म्हणजे ते लोक एसडीएफ म्हणतात, भारतीयांना एका माणसाला एका रात्रीचे 1200 रुपये. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याच्या खालच्यांना नाही, म्हणजे तुमच्या मुलाचे काही नाहीत. दोघांचे 4 रात्रींचे 9600 होतात, पॅकेज घेताना हे धरलेत का ते विचारा, "परमिट इन्क्लुडेड" लिहितात आणि एसडीएफ खालच्या बारीक अक्षरात वेगळा असतो. फुंटशोलिंगला म्हणजे गेटच्या लगेच पलीकडे राहिलात तर त्या रात्रीचा एसडीएफ लागत नाही.

हासीमारा स्टेशनला उतरून जयगावला गाडीने जाता येतं, जवळ आहे. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे, तिथे बॅग स्कॅन होते, ओळखपत्र बघतात. मला दरवेळी ते 20-30 पावलांचं अंतर आठवतं. जयगावच्या बाजूला हॉर्न, हातगाड्या, मोमोचा धूर, रिक्षावाल्यांच्या हाका, आणि टर्मिनलच्या पलीकडच्या दरवाजातून बाहेर आलं की एकदम आवाज कमी होतो, झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते, आमच्या यात्रेतल्या बायका पहिल्यांदा घाबरून मागे सरकायच्या, गाडीवाला थांबलाय कशाला म्हणून. घड्याळ अर्धा तास पुढे करा. नेपाळला पाव तास, भूतानला अर्धा. पैसे मात्र सारखेच, ङुलट्रम आणि रुपया एकाला एक, आणि यूपीआय 2021 पासून चालतं.

वाघा बॉर्डरवरून पलीकडे लाहोरला किंवा करतारपूरला जाता येतं का? वडिलांची फार इच्छा आहे.
– एक वाचक, कुंभार वेस

सध्या नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर 2025 च्या एप्रिलमध्ये अटारीचं चेकपोस्ट बंद केलं, करतारपूर कॉरिडॉर जो 9 नोव्हेंबर 2019 ला उघडला होता तोही 7 मे 2025 पासून बंद आहे. संध्याकाळची रिट्रीट परेड बघता येते, ती 1959 पासून चालू आहे, पण आता गेट न उघडता आणि हात न मिळवता होते. वडिलांना अमृतसरला नेणारच असाल तर घुमानला जरूर न्या, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. आपल्या पंढरपूरचे नामदेव महाराज तिथे राहिले, तिथली माणसं "बाबा नामदेव" म्हणतात, आणि गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत. 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. कुंभार वेशीतल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

मुलगी सिंगापूरला असते. आम्ही दोघं जाणार आहोत, तिथून बसने मलेशियाच्या जोहोरला एका दिवसात जाऊन यायचं म्हणते. बॉर्डर कशी असते? यांना तंबाखूची सवय आहे, थोडा न्यावा का?
– एक गृहिणी, विजापूर रोड

तंबाखू अजिबात नेऊ नका. आधी हेच लिहिते कारण बाकीचं विसरलात तरी चालेल. चघळायचा तंबाखू, गुटखा सिंगापूरमध्ये आणायलाच बंदी आहे, एक पुडीसुद्धा नाही, बॅगेच्या कप्प्यात जुनी राहिलेली असेल तर तीही काढा, जॅकेटचे खिसे तपासा. च्युइंगम पण 1992 पासून बंद आहे. त्यांना महिनाभर आधी डॉक्टरांकडे न्या आणि सवय सोडायचं औषध विचारा, तिथे जाऊन अचानक थांबवलं की चिडचिड होते आणि सगळ्या ट्रिपचा विचका होतो.

आता बॉर्डर. दोन देशांच्या मध्ये पाणी आहे आणि त्यावर साधारण एक किलोमीटरचा रस्ता, कॉजवे म्हणतात. बस सिंगापूरच्या वुडलँड्स चेकपॉइंटला थांबते, सगळ्यांनी खाली उतरायचं, इमिग्रेशन करायचं, परत बस पकडायची, मग पलीकडे जोहोरला परत उतरायचं, परत इमिग्रेशन. बस कुणासाठी थांबत नाही. तुम्ही रांगेत असताना ती निघून जाते आणि तुम्ही त्याच कंपनीच्या मागच्या बसमध्ये तेच तिकीट दाखवून चढायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याकडे गेले होते तेव्हा मी पिशवी सीटवरच ठेवून उतरले, आपल्याकडे एसटीत रुमाल टाकून जागा धरतो तसं. बाहेर आले तर बस नाही. पिशवीत भाच्याच्या मित्राच्या घरी द्यायला नेलेली आपली सोलापुरी चादर होती, लाल-पांढरी, चाटी गल्लीतून मुद्दाम चोखंदळपणे घेतलेली. ती परत मिळाली नाही. म्हणून सांगते, उतरताना छत्रीसकट सगळं बरोबर घ्या.

कागद म्हणाल तर सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, कारण जोहोरहून परत येताना तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता. मलेशियाला आपल्याला 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत 2026 च्या अखेरपर्यंत आहे, पण जायच्या आधीच्या 3 दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. सिंगापूरलाही तसंच कार्ड आहे आणि जोहोरहून संध्याकाळी परत येताना तेही नव्याने भरायचं, लोक हे विसरतात. दोन्ही फुकट आहेत, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. शनिवार-रविवार टाळा, हजारो लोक रोज या पुलावरून कामाला ये-जा करतात आणि सुट्टीला तर पाय ठेवायला जागा नसते. मुलगी नोकरी करते म्हणून रविवारीच जमतंय असं असेल तर पहाटे निघा.

सून जर्मन आहे, मुलगा आता तिथलाच नागरिक आहे, ओसीआय कार्ड आहे त्याच्याकडे. नात 6 वर्षांची. आमच्याबरोबर लुंबिनी-पोखरा करायचं म्हणतात, सोनौलीवरून. आमच्यासारखंच जाता येईल ना त्यांना?
– एक आजोबा, रेल्वे लाइन्स

नाही आजोबा, इथे नीट लक्ष द्या. एकाच गाडीत बसलात तरी तुमचा रस्ता वेगळा आणि त्यांचा वेगळा. ओसीआय कार्डामुळे मुलगा भारतात व्हिसाशिवाय येऊ शकतो, पण नेपाळसाठी तो जर्मन पासपोर्टवालाच. तिघांनी आधी आपल्या बाजूच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन भारत सोडल्याचा शिक्का घ्यायचा, मग गेट ओलांडून नेपाळच्या ऑफिसात व्हिसा. तो तिथेच मिळतो, 15 दिवसांचे 30 डॉलर, 30 दिवसांचे 50, रोख डॉलर आणि फोटो न्या. नात 10 च्या आतली आहे, तिची फी नाही, व्हिसा मात्र घ्यावाच लागतो.

अडचण अशी की आपल्या बाजूचं ते ऑफिस कुठे मोठ्या इमारतीत नाही, रस्त्याच्या कडेला दुकानांच्या रांगेत आहे, मोबाइल रिचार्ज आणि कपड्यांच्या दुकानांमध्ये बोर्ड चटकन दिसत नाही. बाकी सगळे सरळ चालत जात असतात, कुणी अडवत नाही, आणि गोरी सून त्या गर्दीबरोबर पलीकडे गेली की तिच्या पासपोर्टवर ती अजून भारतातच असते. नेपाळचे अधिकारी परत पाठवतात, ते बरं, पण तिथेही शिक्का न घेता पोखऱ्याला पोचली तर निघताना दंड आणि प्रश्न. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, इमिग्रेशनपाशी थांब. शिक्का मारल्यावर तिथेच उभं राहून तारीख वाचा. एकदा आमच्याबरोबरच्या एका फ्रेंच मुलीच्या पासपोर्टवर महिना चुकीचा पडला होता, तिथल्या तिथे बदलून घेतला म्हणून वाचलो. आणि सुनेचा भारताचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते सोलापुरातूनच बघून निघा. ई-व्हिसा असेल तर त्यावर भारतात शिरायची ठिकाणं ठरलेली असतात, बहुतेक विमानतळ, त्यामुळे परत येताना काठमांडूहून विमानाने यावं लागेल का हे आधी यादीत तपासा.

मध्येच बॉर्डर बंद झाली तर काय करायचं? मागे नेपाळमध्ये दंगल झाली तेव्हा आमचे शेजारी अडकले होते.
– एक वाचक, होटगी रोड

8 आणि 9 सप्टेंबर 2025 ची गोष्ट. आमची एक बस तेव्हा पोखऱ्यात होती, मुलगा बरोबर होता, आणि मी इथे घरात फोन हातात धरून दोन रात्री काढल्या. कर्फ्यू लागला, काठमांडूचं विमानतळ बंद झालं. मुलाने एक गोष्ट बरोबर केली, बस हलवली नाही. काही गाड्या घाबरून रात्रीच बॉर्डरकडे निघाल्या, त्या रस्त्यात अडकल्या. हॉटेलात राहा, दूतावासाचा हेल्पलाइन नंबर निघतानाच कागदावर लिहून घ्या कारण नेट बंद होऊ शकतं, आणि औषधं ट्रिपच्या दिवसांपेक्षा 5 दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दोन दिवसांचे जास्तीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

बाई, मी 74 वर्षांची आहे. गुडघे दुखतात. लुंबिनी बघायची लई इच्छा आहे. बस बॉर्डरवर थांबली आन चालत जावं लागलं तर मला जमंल का? आन पिशवीतली चटणी-भाकरी काढून घेतेत का?
– एक आजी, बाळीवेस

आजी, जमेल. यात्रेच्या बसने गेलात तर बसूनच पलीकडे जाता, तपासणीला कधी उतरवतात कधी नाही, उतरवलं तर आधार हातात ठेवा, तुमच्या वयाला तेवढं पुरतं. गोरखपूरहून दुसऱ्या गाडीने गेलात तर ती बऱ्याचदा अलीकडे सोडते, मग गेट पार करायला सायकल रिक्षा मिळते, पाच-दहा मिनिटांत पलीकडे भैरहवाच्या गाडीपाशी नेऊन सोडते, आणि तिथून लुंबिनी तासाभराच्या आत.

चटणी कोणी काढून घेत नाही. मागे एसएसबीच्या, म्हणजे नेपाळ बॉर्डरवरच्या आपल्या दलाच्या, एका बाई जवानाने माझी पिशवी उघडली, शेंगा चटणीची पुडी हातात घेऊन "ये क्या है माताजी" म्हणाली. मी म्हटलं मूँगफली की चटनी, सोलापूर की. तिने पुडी नाकाजवळ नेली, वास घेतला, आणि नीट गाठ मारून परत दिली. मी तिला भाकरीवर घालून थोडी दिली, ती ड्युटीवर होती म्हणून खाल्ली नाही, कागदात बांधून खिशात ठेवली.

काठी घ्या, सकाळच्या वेळी ओलांडा, दुपारी ट्रकची धूळ फार असते. आणि रिक्षात बसायच्या आधी पैसे ठरवताना विचारा, आयसी का एनसी.